नाव नाही घेणार

भाऊंनी जन्मात कधी कुणाची बदनामी केली नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. कारण ते कधी कुणाचं नाव घेत नसत. "नाव नाय घेणार," एवढं बोलून ते बशीतल्या चहाचा एक घोट घ्यायचे आणि मग नाव सोडून बाकीचं सगळं सांगायचे. "नाव नाय घेणार, पण विहिरीच्या वरच्या अंगाला घर हाय, फाटक निळं हाय, नवरा बोटीवर हाय, आणि काल दुपारभर दारात लाल मोटारसायकल उभी होती." आमच्या गावात निळं फाटक एकच. त्याचा रंग रत्नागिरीत कुठल्या दुकानातून आणला, हेही आम्हाला भाऊंनीच सांगितलेलं. ती मोटारसायकल गॅसची शेगडी दुरुस्त करणाऱ्याची होती, हे पुढे महिन्याभराने कळलं, पण ते सांगायला कुणी बशी खाली ठेवली नाही.

भाऊ पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा पेन्शन, एक फणसाचं झाड आणि भरपूर वेळ एवढी त्यांची इस्टेट होती. बायको आधीच गेलेली. एकच लेक, ती लग्न होऊन मुंबईला. सकाळी सात वाजता तिठ्यावरच्या नानांच्या हॉटेलात पेपरचा गठ्ठा पडायचा, आणि तो फोडायचा मान भाऊंचा होता. मी रत्नागिरीत एका पतसंस्थेत कारकून. माझी एसटी पावणेआठला. त्यामुळे रोजचा पाऊण तास मी भाऊंच्या तोंडून जग ऐकत असे. पेपर ते मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता दुरुस्त करायचे. "एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या घरी," असं छापलेलं असलं की मान वर करून म्हणायचे, "प्रतिष्ठित कसला. नाव नाय घेणार, पण काजूचा कारखाना." पेपरवाल्याने जेवढं झाकलेलं असेल तेवढं भाऊ उघडून दाखवत, आणि आम्ही त्याबद्दल नानांना जास्तीच्या चहाचे पैसे देत असू.

आणि तरीही पेपरवाल्यांवर भाऊंचा भारी राग. त्यांना वेसण घातली पाहिजे, हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा मिरकरवाड्याची एक होडी वेळेवर परतली नाही. धक्क्यावर वाट बघत बसलेल्या एका बाईच्या तोंडासमोर चॅनेलवाल्याने बंदूक धरावी तसा माईक धरला आणि विचारलं, आता तुम्हाला कसं वाटतंय. हॉटेलातल्या टीव्हीवर आम्ही सगळे ते बघत होतो. भाऊ म्हणाले, लाज नाय यांना, हे काय दाखवायचं असतं. नाना म्हणाले, खरंय, बंद केलं पाहिजे. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, कायदाच नाही आपल्याकडे. एवढं सगळं झाल्यावर भाऊंनी नानांना आवाज जरा वाढवायला सांगितला, कारण ती बाई काय बोलली ते आमच्या निषेधात ऐकू आलं नव्हतं.

स्वतः भाऊंनी वर्तमानपत्राकडे तक्रार केली नव्हती असं नाही. लेक बारावीला केंद्रात पहिली आली तेव्हा बातमी आली होती, पण फोटो चिंचोक्याएवढा. भाऊ तडक रत्नागिरीला त्या पेपरच्या कचेरीत गेले आणि पोरीच्या हुशारीच्या मानाने जागा कमी दिल्याबद्दल त्यांनी संपादकाची हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी फोटो मोठा आला, सोबत घर, गाव, आईचं माहेर, सगळं. तो अंक त्यांनी चौकटीत लावून ओटीवर टांगला. आमच्या लोकांचं खाजगीपण हे असं असतं. चांगलं असेल तर ते साऱ्या जिल्ह्याचं, वाईट असेल तर ते शेजाऱ्याचं.

शिमग्यात मात्र भाऊ वेगळे दिसायचे. देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. धोतर, टोपी, हातात नारळ. कुणाला मूल हवं, कुणाची नोकरी सुटलेली, कुणाची म्हैस आटलेली, ते सगळं भाऊ देवाला खणखणीत आवाजात सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. इथे नाव घ्यावंच लागतं. नाव, वाडी, बापाचं नाव. देवाचा घोटाळा व्हायला नको. त्यामुळे वर्षभर हॉटेलात ज्यांची नावं गुप्त राहायची, ती शिमग्यात मुंबईकर चाकरमान्यांसकट साऱ्या गावासमोर जाहीर व्हायची.

तीन वर्षांपूर्वी भाऊंची लेक मुंबईहून एक बॅग घेऊन परत आली. एकटी आली आणि राहिली. त्या महिन्यात भाऊ हॉटेलात यायचे, पण पेपर दुसऱ्याला वाचायला द्यायचे. आम्ही शहाण्यासारखे काही विचारत नव्हतो. फक्त रोज दहा जण दहा वेगवेगळ्या तऱ्हेने "लेक कशी हाय" विचारत होतो आणि उत्तराची वाट बघत होतो.

मग मोबाईलवर बातमी आली. आमच्या शेजारच्या गावातल्या एका दाढीवाल्या पोराने बातम्यांचं चॅनेल काढलं होतं. तो स्वतःच संपादक, स्वतःच बातमीदार, आणि सकाळी नानांच्याच हॉटेलात चहाला. बातमी अशी होती, की वीजगृहातून निवृत्त झालेल्या, शिमग्यात गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेल्या एका ग्रामस्थाच्या विवाहित लेकीचा संसार मोडला असून पंचक्रोशीत चर्चेला उधाण आलं आहे. नाव नव्हतं. लग्नातल्या फोटोत तिचा चेहरा धुरकट केलेला. पुढे आकाशातून घेतलेलं घराचं चित्रण होतं, त्यात फणस मात्र स्वच्छ दिसत होता. त्या फणसाचे गरे न खाल्लेला माणूस आमच्या गावात नाही. संसार का मोडला, याबद्दल खाली तीन शक्यता दिल्या होत्या आणि प्रेक्षकांची मतं मागवली होती.

गाव हळहळलं. हे फार वाईट झालं, असं म्हणत म्हणत ज्याने त्याने ते पुढे पाठवलं. मला ते आमच्या वाडीच्या ग्रुपवर आलं, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं आणि दहावीच्या मित्रांच्या ग्रुपवर आलं. प्रत्येक ठिकाणी खाली हात जोडलेले आणि मग एकच प्रश्न, पण नक्की झालं काय?

भाऊ मला म्हणाले, चल. मी स्कूटर काढली. चॅनेलचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. दाढीवाल्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, भाऊंना वाकून नमस्कार केला. पोरीला रस्त्यावर आणलंस, असं काहीतरी ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आम्ही नाव घेतलेलंच नाय. चेहरा पण झाकलाय. नियम पाळलाय आम्ही."

दाढीवाला पोरगा तसा वाईट नव्हता, उलट मदत करायला उत्सुक होता. तो म्हणाला, तुम्हाला अन्याय वाटत असेल तर तुमची बाजू दाखवतो ना, उद्याच मुलाखत करू, ताईंना पण घेऊन या, चेहरा झाकू.

भाऊंनी मग रीतसर तक्रारीचा मार्ग धरला आणि तिथे आमची जी वरात निघाली, ती सांगण्यासारखी आहे. दिल्लीला पेपरवाल्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं एक ऑफिस आहे, तिथून उत्तर आलं की ते छापील वर्तमानपत्रांचं बघतात, मोबाईलवरच्या बातम्यांचं नाही. दुसरीकडे सांगितलं, आधी संपादकाला कळवा, त्याला उत्तराची संधी द्या. ती आम्ही झेरॉक्सच्या दुकानामागे देऊन आलोच होतो. वकील म्हणाला, दावा ठोका, पण कोर्टात झालं ते सगळं सविस्तर सांगावं लागेल, आणि कोर्टाची बातमी होते. प्रत्येकाला बातमीची प्रत हवी होती. ती काढायला भाऊ त्याच झेरॉक्सच्या दुकानात जायचे, आणि दुकानदार प्रती काढता काढता ती वाचायचा.

एके दिवशी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. लेक आतून आली, हातातला विळा तसाच, आणि बापासमोर उभी राहिली. ती कधी चढ्या आवाजात बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. "बाबा, तक्रार माझी हाय ना? मग ती मी नाय करणार. तुम्ही जिथे जिथे जाऊन सांगता, तिथे तिथे माझा संसार परत एकदा मोडतो." ती आत गेली. भाऊंनी उठून चौकटीतला तो मोठा फोटो खिळ्यावरून काढला.

पुढे शिमगा आला. गावात बातमी फुटली की भाऊ यंदा स्वतःचं गाऱ्हाणं घालणार. देवासमोर नाव घ्यावंच लागतं, म्हणजे दाढीवाल्याचं नाव येणार, कदाचित जावयाचंही, आणि कदाचित नक्की काय झालं तेही. सहाणेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून दोन गाड्या जास्त आल्या होत्या. पालखीपेक्षा उंच मोबाईल धरले गेले, आणि पुढच्या रांगेत दाढीवाला माईक घेऊन उभा, कारण त्यालाही आपल्यावरच्या आरोपाची बातमी करायची होती.

गावाचं सगळं सांगून झाल्यावर भाऊ थांबले. नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या गावात एक माणूस हाय."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"नाव नाय घेणार. पण दारात फणस हाय. पोफळीची पेन्शन हाय. सकाळी तिठ्यावर बसतो."

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता अर्धं गाव अडखळलं. अर्ध्याने सवयीने पुरं केलं.

"त्याने दुसऱ्यांच्या लेकीबाळी चहाबरोबर चघळल्या. आता त्याची लेक तोंडात आलीय, तर त्याला कडू लागतंय."

"व्हय म्हाराजा." हा आवाज फक्त म्हाताऱ्यांचा होता.

"त्याला काय शिक्षा द्यायची ती दे. पण जी पोर गप राहू बघतेय, तिला गप राहू दे. आणि आता इथे जे कोण मोबाईल वर धरून उभे हायत, देवा, त्यांचीपण नावं मी घेत नाय. तू बघतोयस."

हात भराभर खाली आले. रुकार द्यायला कुणी तयार होईना. नारळ फोडायचं राहून गेलं म्हणून पुजाऱ्याने खोकून आठवण केली. निळ्या फाटकाची बाई गर्दीत मागे उभी होती, ती तेवढी स्पष्ट आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली.

गाव सुधारलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पालखी उठायच्या आत ते गाऱ्हाणं ग्रुपवर आलं होतं. "डोळ्यात पाणी आणणारं गाऱ्हाणं, शेवटपर्यंत बघा." दाढीवाल्याने मथळा दिला, भाऊंचा रोख नेमका कुणावर? मोबाईल खाली घेतले होते ते फक्त दाखवण्यापुरते, रेकॉर्डिंग चालूच होतं.

भाऊ हॉटेलात येत राहिले. पेपर पुन्हा वाचू लागले, पण आता हवामान, भरती-ओहोटीची वेळ आणि हापूसच्या पेटीचा भाव एवढंच. नाना कुरकुरायचे की भाऊंच्या वाचनाला आता चव राहिली नाही, चहा खपत नाही. हळूहळू लोक आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसू लागले, आणि भाऊ भरतीची वेळ माझ्या एकट्यासाठी वाचू लागले.

गेल्या श्रावणात भाऊ गेले. दाढीवाल्याच्या चॅनेलवर त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच आलं, शुद्ध, बापाच्या नावासकट, आणि फोटो गाऱ्हाण्यातला. खाली शेकडो हात जोडलेले. मध्येच एकाने विचारलं होतं, यांच्याच मुलीचं ते प्रकरण ना, नक्की काय झालं होतं?

लेक आता रत्नागिरीत नोकरी करते. हे लिहून झाल्यावर मी तिच्याकडे घेऊन गेलो. भाऊंचं नाव घातलेलं नाही, तिचं तर नाहीच, असं मी मोठ्या चांगुलपणाने सांगितलं. ती हसली. हसणं अगदी बापाचं. मग ती वाचत गेली, निळ्या फाटकापाशी पुन्हा हसली, सहाणेपाशी थांबली. तिच्या संसाराचं नक्की काय झालं, ते मी एका परिच्छेदात फार संयमाने लिहिलं होतं, कारण त्याशिवाय लेख अपुरा वाटेल असं मला वाटत होतं. तिने माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि तो परिच्छेद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खोडला.

तो परिच्छेद इथे नाही. कुठे होता तेही सांगणार नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण तो गाळल्याचं कळल्यावर तुमच्या मनात आत्ता जो प्रश्न आला ना, तोच आमच्या गावाने त्या पोरीला तीन वर्षं विचारला.