दोन भोंग्यांतला बाप

रिक्षावर भोंगा बांधून पुकारा करावा तर आत्मारामनेच, हे उभ्या रत्नागिरीला मान्य. पाणी येणार नसो, नमनाचा खेळ असो, पुढाऱ्याची सभा असो, आवाज ह्याचा. सकाळी एका पक्षाला निवडून आणा म्हणायचा, दुपारी दुसऱ्याला, आणि संध्याकाळी दोघांकडचा चहा ढोसून घरी. बायको मालन विचारायची, "तुमचं स्वतःचं मत कुठल्या भोंग्यातनं येतं हो?"

त्यांचा एकुलता हर्षद मुंबईत नोकरीला. मित्रांबरोबर उत्तरेत फिरायला गेला आणि भर बाजारात अतिरेक्यांच्या गोळीबारात गेला.

दोन्ही पक्षांनी दहाव्याच्याच संध्याकाळी शोकसभा लावल्या. रिक्षांवर वाजवायला पुकारा रेकॉर्ड करून कोण देणार? आत्माराम. पोराचं नाव गावभर घुमेल, एवढंच त्याच्या मनात. एकात म्हणाला, 'हर्षदला का वाचवलं नाही, सरकारला जाब विचारायला या.' दुसऱ्यात, 'हर्षदचा बदला सरकारने घेतला, पाठीशी उभे राहा.'

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. समोरच्या ऐनाच्या झाडावर कावळे ओळीने बसलेले, पण एक उतरेना. काव नाही, पंखांची फडफड नाही.

"पोराच्या मनात काहीतरी राहिलंय," भटजी पुटपुटले.

विरोधी पक्षातला दर्शन हात जोडून पुढे झाला. "हर्षद, मंत्र्याचा राजीनामा घेतल्याबिगर गप्प बसणार नाय."

सत्तेतल्या बाबूने त्याला बाजूला सारलं. "त्याला राजीनामा नको, बदला हवा. तो घेतलाय रे, अजून घेऊ."

"घेतलाय, तर कावळा उतरत का नाय?"

"तुझं तोंड बघून. तुमच्या राज्यात काय कमी हल्ले झाले?"

"कावळ्यांची मतं मागायला आलात काय रे?" मालन म्हणाली.

तेवढ्यात नदीवरच्या पुलाच्या दोन टोकांनी दोन रिक्षा आल्या. इकडून आत्मारामचा आवाज, "हर्षदला..." तिकडूनही त्याचाच, "हर्षदचा..." आणि मधे आत्माराम, तोंड मिटून उभा.

कावळ्यांनी एकदम माना इकडे वळवल्या. मग तिकडे. मग पुन्हा इकडे.

आत्मारामने ते पाहिलं. बाप दोन्हीकडून हाका मारतोय, पोराने जायचं कुठे?

त्याने हात करून दोन्ही भोंगे बंद करवले. पिंडाजवळ बसून घरातल्या आवाजात म्हणाला, "हर्षद, मी इथे आहे. पुन्हा भोंग्यातनं तुला हाक मारणार नाही. जा आता."

एक कावळा उतरला. घास घेऊन गेला.

परतताना आत्मारामने दोघांना पुकारे पुसायला सांगितलं. "ह्याने पुसला की मी पुसतो," दर्शन म्हणाला. बाबूचंही तेच.

दिवेलागणीला आत्माराम ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. हातखंब्याच्या रस्त्याने त्याचाच आवाज जवळ आला. "हर्षद..."

कुंपणावर एक कावळा येऊन बसला. ह्या वेळेला कावळे कधीच झाडांत दडलेले असतात. त्याने मान तिरकी करून रस्त्याकडे पाहिलं, मग ओटीकडे.

मालन उंबऱ्यात आली. नवऱ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "जा रे बाळा. ते बाबा नव्हेत."