ठमीच्या दोन खोल्या

काशीदला ठमीच्या घरामागे दोन खोल्या आहेत. नवऱ्याच्या माघारी तिने त्या पर्यटकांना भाड्याने द्यायला बांधल्या आणि पोट त्यांवरच चालवलं. माझाही धंदा तोच. आमच्यात एक रीत आहे. आपल्या खोल्या भरल्या की जास्तीचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवायचं.

ठमीच्या वारलेल्या बहिणीची मुलगी हेमाली, सोळा वर्षांची. किनाऱ्यावरून एका पर्यटकाची बॅग घेऊन पळाली आणि सापडली. बाल न्याय मंडळाने तिला निरीक्षणगृहात न ठेवता वर्षभर मावशीच्या ताब्यात दिलं. समाजात राहून मूल सुधारतं म्हणे. समाज म्हणजे कोण, हे कागदावर नव्हतं. गावात त्याचा अर्थ एकटी ठमी एवढाच निघाला.

दर सोमवारी पोरीला घेऊन अलिबागला हजेरी. तिच्यावर देखरेख ठेवणारे परिवीक्षा अधिकारी मात्र घरी यायचे शनिवारी, नेमके गिऱ्हाइकाच्या दिवशी, सरकारी जीप दारात लावून. मुलीचं नाव गुप्त ठेवायचा कायदा आहे. या शहाण्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव घेऊन पानटपरीवर पत्ता विचारला. वर दर खेपेला सुरमईचं ताट फुकट चापायचा. त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

जीप बघून पाहुणे चौकशी करायचे आणि आमच्यातलंच कोणीतरी सगळं ओकायचं. पुढे तर आम्ही तिच्याकडे गिऱ्हाईक पाठवणंच बंद केलं. गावाच्या नावाला बट्टा नको, हे निमित्त. चौघे जण तिला सांगायलाही गेलो, पोरगी झेपत नाही असं मंडळाला लिहून दे. तिने चहा दिला, लिहून काही दिलं नाही. ऐन हंगामात तिच्या खोल्यांना कुलूप लागलं. ती दुसऱ्यांच्या खोल्या झाडायला जाऊ लागली, माझ्यासुद्धा. मला लाज वाटायची, तरी मी एकही गिऱ्हाईक पाठवलं नाही.

वर्ष संपलं. हेमाली दहावी पास झाली, पुन्हा कशाला हात लावला नाही. साहेब शेवटचे आले तेव्हा मी ठमीच्या पडवीतच बसलो होतो. हात धुऊन ते म्हणाले, निरीक्षणगृहात एका मुलामागे केवढा खर्च होतो, इथे शासनाचा रुपयाही गेला नाही. आणखी एक मुलगी आहे, तिला ठेवाल का?

ठमीने उष्टं ताट उचललं.

"खर्च झाला, साहेब. तुमचा न्हाय, माझा झाला. ती पोर आता तुमचे घरान ठेवा. पन आधी शेजारी बघून घ्या."

बोलत होती साहेबांशी, बघत होती माझ्याकडे.