सुरूच्या बनातली लेआ

त्या दिवसांत एलियाहू हन्नबींच्या तसबिरीकडे मी बघतही नव्हते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. संकटात याच नबींना हाक मारतो आणि नवस फळला की मलिद्याचं ताट करतो. पण बोईसरच्या घरात आई अंथरुणाला खिळली होती, मी नवस बोलूनही डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिचा एकच धोशा चालला होता, "लेआ कुठं आहे गं?" लेआ तिची धाकटी बहीण. आजोबा पालघरला रेल्वेत असताना ती तापानं गेली. लगेच त्यांची बदली झाली आणि तिला तिथंच पुरून सगळे निघून गेले. कुठं पुरलं ते एवढ्याशा आईला कुणी सांगितलं नाही. "एकटीच राहिली ती," आई म्हणे. मला ते ऐकवत नसे.

मृत्यूच्या जुन्या नोंदी पालघरच्या कचेरीत अर्ज केल्यावर बघायला मिळतात. आजोबांची नोकरी पालघरला, म्हणजे बिऱ्हाडही तिथंच, असं धरून मी पालघरची पानं चाळत होते. लेआ सापडेना. शेवटी मी मनातल्या मनात नबींशी भांडले. अनोळखी माणूस होऊन लोकांच्या मदतीला जाता म्हणे, आमचंच घर दिसत नाही का?

शेजारी पालघरजवळच्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावची एक कोळीण बसली होती. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तिला सासऱ्यांची नोंद हवी होती. "कोन हरवलंय, बाय?" तिनं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. निजताना लाटा ऐकू यायच्या, एवढंच आईला त्या घराचं आठवतं, हेही सांगितलं.

"पालघरात दर्या कुठं हाय? आमच्या माहीमचं बग."

माहीमच्या नोंदींत लेआ होती. वय दोन, यहुदी, ताप. मी तिथेच रडले.

कोळीण म्हणाली, "सुरूच्या बनात एक बारकं थडगं हाय. कुनाचं ते म्हाईत नाय. सासू चुना लावायची, आता मी लावते. लेकरू कुनाचं का असंना, एकटं कसं टाकायचं?"

ती मला तिथं घेऊन गेली. ते लेआचंच, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. मी मात्र पुढं काही विचारलं नाही. मूठभर वाळू पदरात बांधून घरी आले.

"आई, लेआ एकटी नव्हती. माहीमच्या बाया तिला बघतात."

आई म्हणाली, "मग रडत नसेल ना गं?"

त्याच आठवड्यात ती गेली. आमच्यात मयताच्या उशाशी यरुशलेमची माती ठेवतात. मी त्या मातीसोबत माहीमची वाळूही ठेवली.

मी आईचं आयुष्य मागितलं होतं, ते मिळालं नाही. ते दुःख आजही आहे. पण काय द्यायचं ते देवावर सोडायला मी तेव्हापासून शिकते आहे. दुखवट्याचे दिवस सरल्यावर मलिदा केला आणि एक वाटा घेऊन माहीमला गेले. कोळणीनं गूळखोबऱ्यात कालवलेल्या पोह्यांचा पहिला घास उचलला आणि थडग्यावर ठेवला.

"पयला पोरीला," ती म्हणाली.