हिरूताईच्या पायऱ्या

हिरूताई परत ओळी तोडत बसली होती. कुठली पिंपं चांगली अन् कुठली गळकी, हे कंप्युटरला विचारायचा सवाल तिनं काल पायऱ्या-पायऱ्यांनी, एकेक अट वेगळ्या ओळीवर, लिवून ठेवलेला, आज उघडला तर सगळा एका ओळीत चेपलेला. सेव केलं की ते डबडं तिनं सोडलेल्या जागा गिळायचं. रोजचंच.

मी तिचा भाऊ, गजा. सातवीत शाळा सोडली. ताई कुंभिवलीच्या ज्या रंगाच्या कारखान्यात कंप्युटरवर होती, तितंच मी पिंपं चढवायचो. अठ्ठ्याऐंशी साल. ताई हंगामी होती, दसऱ्याला कायम करणार होते.

तिचा वरचा धारप साहेब तिच्या मागं उभा राहून बोलायचा, "कारल्याचा मांडव घालतेस काय गं? मशीनला समजतंय ना?"

"चुकलं तर मलाच शोधायचं हाय, साहेब. मशीन नाय शोधत."

"मग चुकू नकोस."

बाजूचे दोघं दात काढायचे.

ताईनं उपाय काढला. ओळीच्या आधी चांदणीची खूण (*) टाकली की मशीन ती ओळ वाचत नाय, हाय तशी ठेवतं. मग तिनं सवालाच्या वर तोच सवाल चांदण्या लावून पायऱ्यांत मांडला. खालचा चेपला तरी वर बघून ताळा करायची.

धारपनं त्या चांदण्या पुसल्या. कचरा म्हनं. अन् खालच्या चेपलेल्या ओळीत सोताची एक अट घुसवली, कंसाच्या भलत्या बाजूला. बाजूला काढायची गळकी पिंपं चांगल्या मालाच्या यादीत आली. आमी ती टेंपोत भरली, अन् लोधिवलीच्या अलीकडं हायवेवर रंग सांडला.

मॅनेजरनं विचारलं, "सवाल कुणाचा?"

"हिरूबाईंचा," धारप बोलला. "त्या पायऱ्यांच्या नादात गोंधळ करतात."

ताई बोलली, "साहेब, माझा वर मांडलेला होता."

"दाखव."

दाखवायला काय उरलं नव्हतं.

मी मधी पडलो. "ताई चुकली असंल तर हितंच रंग पितो."

"तू पिंपं उचल रं," धारप बोलला.

नाय उचलली. ताईला काढलं त्याच दिवशी मीबी भायेर पडलो, अन् गेटसमोर चहाची टपरी टाकली. धारप रोज समोरून जायचा. त्याला कधी चहा दिला नाय.

दोन वर्सांनी मशीन दुरुस्तीवाला टपरीवर आला. त्यानं सांगितलं, ओळी हाय तशा ठेवायची सोय त्यात पयल्यापासनं होती, चालूच येते. धारपनं मशीन आलं त्याच दिवशी ती बंद केलेली.