उलटा पाव

ओस्टरहागच्या बाजारात फाशी देणाऱ्याचा पाव फळीवर उलटा ठेवायची रीत होती. चुकूनही दुसऱ्या कुणी तो उचलू नये म्हणून. टेकडीवरच्या मांत्रिकालाही पाववाली हेडविग तसाच उलटा पाव द्यायची, आणि तोंड फिरवून थुंकायची. थुंकणं रीतीत नव्हतं, ते तिच्या पदरचं.

एकोणीस वर्षांपूर्वी गावात साथ आली. हेडविगच्या काखेत गाठ उठली, पाद्री मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेला. तिसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी झाली, तर नवरा ओडो गायब! आठवड्याभरात हा थेरडा टेकडीवर राहायला आला. कुठला, कोण, कुणाला ठाऊक नाही. पुढं लोहाराची वाचा गेली, गिरणीवाल्याची पोर आंधळी झाली. दोन्ही वेळा तो त्यांच्या दारात उभा दिसला होता. "ओडोलाही त्यानंच खाल्लं," खाटकाची बायको मेटा म्हणायची. गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. हेडविगलाही झाला.

एका शनिवारी तो आला नाही. हेडविगनं पाव फडक्यात बांधला, तशी मेटानं तिचा हात धरला.

"वेड लागलं का गं? तुलाही गिळेल तो!"

"गिळू दे. ओडोला कुठं पुरलं, एवढं विचारते. चार फुलं तरी कुठं ठेवायची मी?"

टेकडीवर म्हातारा तापानं फणफणला होता. त्यानं पाव हातात घेतला, वाकड्या करंगळीच्या पेरानं बुडाला तीनदा ठोकलं आणि कानाशी धरला.

"भट्टी लवकर उघडतेस," तो पुटपुटला. "सांगून सांगून थकलो."

हेडविगनं त्या करंगळीकडे निरखून पाहिलं. पाव भाजायला, असा ठोकून पारखायला तिला ओडोनंच शिकवलं होतं. ही मोडकी करंगळी त्याचीच. एकोणीस वर्षं तिनं त्या हाताकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"ओडो?"

"ओडोला मी खाल्लं. गावात विचार."

"माझ्याकडे बघून सांग!"

त्यानं पाहिलं नाही. "तू जगावीस म्हणून माझं तारुण्य देऊन टाकलं. ज्याला दिलं, त्याचं तेवढ्यानं भागेना. लोहाराची वाचा त्याच्यासाठी मी नेली, हेडविग. त्या पोरीचे डोळेही मीच. हे ओडोच्या नावाला चिकटवू नकोस. त्याला मेलेलाच राहू दे."

ती आंधळी पोर रोज चाचपडत हेडविगकडे पावाला यायची. हेडविगला त्याची किळस आली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. ती काहीच न करता घरी आली.

पुढच्या शनिवारी तो काठी टेकत बाजारात उतरला. फळीवर त्याचा पाव सुलटा होता.

"अगो बाई, सुलटा?" मेटा ओरडली. "टेकडीवर सोयरीक जमवलीस की काय?"

दोघंतिघं हसले, मग कुणीच हसेना. त्याला हात लावायची गावाची छाती नव्हती, पण त्याच्याशी संगनमत केलं म्हणून गेल्याच वर्षी एका सुईणीला याच चौकात जाळलं होतं.

त्यानं पाव उचलला, उलटा केला आणि फळीवर आपटला.

"रीत विसरलीस का, बाई?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा गरजला. मग वाकून हळूच म्हणाला, "थुंक."

सगळा बाजार बघत होता.

"थुंक गं, राणी."

हेडविग थुंकली. मेटानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी न्यायला दोन पाव मागितले.