वॉरंटी संपली की वानखडे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ आम्ही रोज सकाळी ब्लोअरने गल्लीत उडवतो आणि त्यावरून समोरच्या स्टेशनरीवाल्याशी भांडतो. किस्से मात्र उडत नाहीत. नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात माझे एकोणीस वर्षांचे किस्से साठलेत आणि त्यातले गेल्या सहा वर्षांतले बहुतेक सगळे एकाच माणसाचे आहेत. तो माणूस मी नाही, एवढंच दुःख आहे.

तो वानखडे. मूळचा वर्ध्याचा, बसतो माझ्या शेजारच्या टेबलावर. मी मोघे. गिऱ्हाईक दारात आलं की माझ्या डोक्यावरून बघतं आणि विचारतं, "वानखडे नाहीत का?" मी इथे सव्वापाच फुटांचा, चष्म्यासकट बसलेला असतो. मला वानखडेचा हेवा वाटतो. त्याच्यासमोर मी हे कबूल करणार नाही, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वॉरंटी संपल्या संपल्या बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन येणारं गिऱ्हाईक आधीच पेटलेलं असतं. हातात बिल. "मंगळवारी वॉरंटी संपली, गुरुवारी हा बंद. कंपनीने आत घड्याळ बसवलंय का हो?" अशा माणसाची समजूत पटावी म्हणून आमच्या मालकांनी, धुमाळ सरांनी, नियम केला. असं मशीन आलं की मी आणि वानखडे दोघांनी ते वेगवेगळं तपासायचं, पण उघडायचं नाही. मग बिघाड काय असेल ते चिठ्ठीवर लिहून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. सर चिठ्ठ्या मोठ्याने वाचणार, नंतर मशीन उघडणार. ज्याचं चुकलं त्याने चहा आणायचा. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर वादच नाही, मशीन उघडून सिद्ध करायची गरज नाही, चहा सरांकडून.

सहा वर्षांत सरांनी दोनदा चहा पाजला. वानखडेने चार-पाचदा. बाकीचा सगळा मी आणलाय. चहावाला आता मला बघितलं की न विचारताच तीन कप भरतो.

*

पहिला किस्सा सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. कॉम्प्युटर तीन वर्षं व्यवस्थित चालला. वॉरंटी संपून आठ दिवस झाले आणि वीस मिनिटांत आपोआप बंद पडायला लागला. आमच्या दुकानात आणून लावला तर दिवसभर चालतोय.

मी मल्टीमीटर लावला, व्होल्टेज मोजलं, पंख्याचा आवाज ऐकला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "पॉवर सप्लाय." ही माझी पद्धत. मशीनला विचारावं, माणसाला नाही.

वानखडेने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. तो बाईंना म्हणाला, "काकू, घरी ठेवता कुठं याले?" मग नातवंडं किती, गुडघे कसे आहेत, पडवळाची भाजी कशी करता, असं अर्धा तास चाललं. मी मुद्दाम घड्याळाकडे बघत होतो. दोघांनाही फरक पडला नाही.

त्याची चिठ्ठी निघाली, "काकूंनी विणलेलं कव्हर."

बाईंनी क्रोशाचं जाड कव्हर विणून कॉम्प्युटरला घातलं होतं, मागून पुढून बंद. चालू असतानाही काढत नव्हत्या. गरम होऊन बंद पडत होता बिचारा. सरांनी विचारलं, "पण बाई, तीन वर्षं नव्हतं घातलं, आत्ताच का?"

बाई म्हणाल्या, "अहो, तीन वर्षं कंपनीची जबाबदारी होती. आता आपलं आपल्याला नको का जपायला?"

चहा मी आणला.

*

मला काही येत नाही असं समजू नका. एकदा लॉ कॉलेजचा एक विद्यार्थी मशीन घेऊन आला. स्क्रीन काळी. परवाच वॉरंटी संपलेली. त्या दिवशी वानखडे रजेवर होता, म्हणजे माझा सण. मी उघडलं, रॅमची पट्टी काढली, खोडरबराने तिचे पाय घासले, परत बसवली. चार मिनिटांत मशीन चालू.

त्याने माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. म्हणाला, "म्हणजे काही झालंच नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी हे वानखडेला सांगितलं. तो म्हणाला, "मोघे भाऊ, इतक्या लवकर काहून देऊन राहिले? मशीनले थोडं आडवं पडू द्या. घरच्यांनाही वाटलं पाहिजे न, की दुखणं होतं."

आठवडाभराने वानखडेकडे नेमकी तीच तक्रार आली. नेमकी तीच रॅमची पट्टी, तेच खोडरबर. पण त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि रोज संध्याकाळी फोन करून "आज बरं आहे" असं कळवलं. ते गिऱ्हाईक आलं ते चितळ्यांच्या बर्फीचा पुडा घेऊन. मला दोन तुकडे मिळाले. खाल्ले मी. चांगली होती बर्फी, त्याचाही राग आला.

*

मग इंटरनेटवरचे अभिप्राय. लोक दुकानाला तारे देतात आणि खाली लिहितात. धुमाळ सर ते सकाळी मोठ्याने वाचतात, जसे घरी कोणी राशिभविष्य वाचतं.

"वानखडे सर म्हणजे देवमाणूस." "वानखडे सरांमुळे माझा प्रबंध वाचला." "वानखडे भाऊ, आईने नमस्कार सांगितलाय."

एकोणीस वर्षांत माझ्यावर एकच अभिप्राय आला. "दुसरे जे आहेत त्यांचं काम चांगलं आहे."

दुसरे जे आहेत! मी तो घरी बायकोला दाखवला. माधवी म्हणाली, "चांगलं म्हटलंय की." आणि भाजी निवडायला लागली. त्या रात्री मी एक खोटं खातं काढून स्वतःबद्दल चार ओळी लिहायला बसलो. "मोघे हे अतिशय" इथपर्यंत आलो. पुढे काही सुचेना. सोडून दिलं.

*

वानखडे चुकतच नाही असंही नाही. ते मी जपून ठेवलंय.

गेल्या वर्षी त्याने दोन सारख्या दिसणाऱ्या मशीनची अदलाबदल केली. कसबा पेठेतल्या एका तांब्याची भांडी घडवणाऱ्याचं मशीन गेलं नारायण पेठेतल्या एका डॉक्टरकडे, आणि डॉक्टरचं गेलं त्याच्याकडे. मला इतका आनंद झाला की मी स्वतःहून चहा आणला. म्हटलं, आता सर याला झापतील.

वानखडे हात जोडून कसब्यात गेला. दोन तासांनी परत आला तो मशीन आणि तांब्याचा नवा कोरा तांब्या घेऊन. म्हणाला, "त्यांनी उघडूनच नव्हतं पाहिलं जी. म्हणाले, एवढ्या उन्हात चूक कबूल कराले कोण येते?"

सर खो खो हसले. डॉक्टरही हसले. तो किस्सा सर आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. मी तीच चूक केली असती तर तो किस्सा झाला नसता, ती चूकच राहिली असती. तांब्या अजून त्याच्या टेबलावर आहे. तो त्यातून पाणी पितो आणि मला विचारतो, "घेता का भाऊ?" मी बाटलीतून पितो.

*

गणपती झाल्यावर धुमाळ सरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. त्यांनी सिंहगड रोडला नवं दुकान घेतलं होतं, तिथे ते स्वतः बसणार. नारायण पेठेतलं दुकान आमच्यापैकी एकाला चालवायला देणार. एकच किल्ली, एकच माणूस, दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करायचं.

"मला दोघं सारखेच," सर म्हणाले. "मी कोणाला वाईट कशाला म्हणू? पुढचं वॉरंटी संपलेलं मशीन येईल, त्यात ज्याची चिठ्ठी बरोबर, त्याचं दुकान."

एकोणीस वर्षं मी त्या शटरची कडी वर केली आहे. ते दुकान मला हवं होतं. इतकं हवं होतं की रोज संध्याकाळी घरी गेलो की मी कॉम्प्युटरवर बसायचो. काउंटर कुठे हलवायचं, पाटीवर काय लिहायचं, वानखडेचं टेबल कुठे ठेवायचं, सगळं आखायचो. टेबल मी जिन्याखाली ठेवलं होतं.

आणि नेमका तेव्हाच माझा घरचा कॉम्प्युटर बिघडला. वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते. रोज संध्याकाळी पाऊण तास चालायचा आणि एकदम गप्प. सकाळी चालू. मी पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, पंखा बदलला. दोन आठवडे हेच चाललं, आणि दुकानात वॉरंटी संपलेलं एकही मशीन आलं नाही. शेवटी एकच गोष्ट उरली, मदरबोर्ड. शंभर टक्के मदरबोर्ड.

इथे माझ्या डोक्यात ते आलं. उत्तर मला माहीत असलेलं मशीन जर दुकानात आलं तर?

मला लाज वाटली. थोडा वेळ वाटली. दुसऱ्या दिवशी मी ते मशीन रिक्षात घालून दुकानात आणलं आणि सरांना सांगितलं, कर्वेनगरच्या एका बाईंचं आहे, येता येता घेऊन आलो. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं माधवीचं, माहेरचं आडनाव लावून. फोन नंबरही तिचाच द्यावा लागला, कारण नोंद केली की गिऱ्हाइकाला मेसेज जातो आणि तो गेला की नाही ते सर बघतात. भीती नव्हती. माधवी अनोळखी नंबर उचलत नाही. मी दुकानाच्या फोनवरून केला तरी उचलत नाही.

मी मशीन तपासल्यासारखं केलं, "मदरबोर्ड" लिहिलं, चिठ्ठी डब्यात टाकली.

वानखडेने मशीनवरून एकदा हात फिरवला. रजिस्टर उघडलं. मोबाइल कानाला लावला आणि पायरीवर जाऊन बसला.

तिने उचलला.

तो चाळीस मिनिटं पायरीवर होता. मी आत एकच स्क्रू काढत आणि घालत होतो. काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. मध्येच तो हसला. मग बराच वेळ नुसता ऐकत होता. मी ठरवलं, आत आला आणि सरांना सांगितलं की हे मोघ्यांच्याच घरचं मशीन आहे, तर मी आजच्या आज नोकरी सोडणार. 

तो आत आला. माझ्याकडे बघितलं नाही. तांब्यातून पाणी प्यायला, चिठ्ठी लिहिली, घडी घातली, डब्यात टाकली.

सरांनी माझी वाचली. "मदरबोर्ड."

मग त्याची उघडली. वाचली. परत वाचली. "मोघे भाऊंचं बरोबर आहे."

"नक्की?" सरांनी विचारलं.

"हो जी," वानखडे म्हणाला. "बाईशी बोललो मी. मोघे भाऊ म्हणतात तेच आहे. उघडाची गरज नाही."

चिठ्ठ्या जुळल्या होत्या. सरांनी मशीन बाजूला ठेवायला सांगितलं, खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः चहा आणायला गेले. वानखडेने माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं, शेवटी त्याला पहिल्यांदा कळलं की मशीन म्हणजे काय ते मला कळतं. मी त्याला मनातल्या मनात जिन्याखालून काढून खिडकीजवळची जागा दिली. एवढं मोठं मन झालं माझं.

घरी पेढे घेऊन गेलो. माधवी पोळ्या करत होती. मी किल्ली ओट्यावर ठेवली. तिने हात पुसून ती उचलली, बघितली, आणि खरंच खूश झाली.

"तुमच्या त्या वानखडेंचा फोन आला होता आज," ती म्हणाली. "किती छान बोलतात हो ते."

मी म्हटलं, "काय बोललात चाळीस मिनिटं?"

"त्यांनी विचारलं, संध्याकाळी घरी काय काय चालतं. इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं सगळं. म्हटलं, हे घरी येतात ते थेट कॉम्प्युटरवर, जेवायला हाका मारून घसा सुकतो. म्हणून पानं घेतली की मीच इथून बंद करते, सकाळी परत लावते." तिने ओट्यामागचं बटण दाखवलं. आमच्या कॉम्प्युटरची वायर त्याच्या खोलीतला प्लग सैल झाल्यापासून खिडकीतून स्वयंपाकघरात आली आहे. ती मीच ओढली होती.

तिने तव्यावरची पोळी उलटली.

"का हो, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"