पहिली भाकर कपिलेची

मंडळी, आमच्या शेतकरी गटाच्या शेतात जनावरांसाठी मोठा कोठा बांधाचा म्हणून मी दोन महिने हिवरखेडात घरोघरी वर्गणी मागत फिरली. आज तो पुरा झाला. सगळ्यांनी आपापली जनावरं तिथं नेली. मीबी माही गाय, कपिला, बांधून आली.

"काकू, सुटल्या तुमी शेणाच्या कटकटीतून!" शेजारचा गजानन म्हणे.

संध्याकाळी पहिली भाकर घेऊन सवयीनं अंगणात गेली. खुंटा रिकामा. या एकटीच्या घरात माहं दिवसभराचं बोलणं तिच्याशीच होतं. भाकर हातातच थंडी झाली.

वर्गणी मागाले मले कोनाची लाज वाटली नाही. पण "आज माह्या घरी जेवाले या" असं सांगाले एकाही दारात पाय जाऊन नाही राहिला.

तुमी कसं बोलावता एखाद्याले?